निरंक असला तरी अहवाल पाठवा

मी तलाठी. २०२४ मध्ये सरकारनं पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, पण गावात आम्ही अजून तलाठीच आहोत आणि मी "तलाठी म्याडम". मराठवाड्यातला एक तालुका, एवढंच सांगते, जिल्हा विचारू नका. जुलै २०२५ मध्ये जीआर आलाय की कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर शासनाच्या धोरणांवर टीका करायची नाही, नाहीतर १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली कारवाई होईल. तर हे आधीच सांगून टाकते, धोरणावर माझी काही टीका नाही. मी फक्त दमलेय. दमण्यावर अजून जीआर निघालेला नाही.

आणि दमलेय हे घरी सांगायचीसुद्धा चोरी आहे. मागं एकदा आईला फोनवर बोलले की नकोसं झालंय गं, सोडून द्यावी वाटतेय, तर ती एकदम गप्पच झाली आणि मग म्हणाली, "येडी झालीस का? लोकं देव पाण्यात घालून बसलेत ह्या नोकरीसाठी." खोटं नाही म्हणत ती. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले, फी हजार रुपयांपर्यंत असूनसुद्धा. तीच ती भरती जिच्यात नॉर्मलायझेशनमुळं, म्हणजे वेगवेगळ्या सत्रांचे मार्क एका मापात आणायच्या पद्धतीमुळं, २०० पैकी २१४ मार्क पडले म्हणून सगळीकडं बोंबाबोंब झाली होती. माझा मामेभाऊ त्यात होता, अजूनही पुण्यात अभ्यासिकेत बसून आहे, कॉट बेसिसवर राहतो आणि एक वेळची मेस लावतो. त्याला मी काय सांगू, की ज्या खुर्चीसाठी तू डोळे फोडतोयस त्या खुर्चीत बसून मला रडू येतं? नातेवाइकांच्या लग्नात तर विषयच नको, "मजा आहे बाबा तुमची, पाच दिवसांचा आठवडा, पगार एक तारखेला, वरचं वेगळंच" असं म्हणून डोळा मारतात. पाच दिवसांचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीत सुरू झाला हे मलाही माहितीये, पेपरात वाचलं होतं. आमच्या साज्यात, म्हणजे माझ्या ताब्यातल्या गावांत, अजून पोचायचाय.

आता कामाचं. मी कामाबद्दल रडत नाहीये हे आधी लक्षात घ्या, कारण खरं काम मला आवडतं. सातबारा, आठ अ, फेरफार, वारस नोंद, हद्दीची भांडणं, कोण कुणाचा चुलता आणि कुणाच्या आजोबानं कुणाला जमीन तोंडी देऊन टाकली होती, ह्या सगळ्यात मला रस आहे. जुन्या मोडी फेरफारची नक्कल एखाद्या म्हाताऱ्याकडून वाचून घेताना दोन तास कुठं गेले कळत नाही. १९६६ चा जमीन महसूल अधिनियम मी परीक्षेसाठी पाठ केला होता पण गावात येऊन तो कळला. आपण नोंद धरली, नोटिसा काढल्या, पंधरा दिवस कुणाची हरकत आली नाही, सर्कलनी, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी, नोंद प्रमाणित केली आणि विधवा बाईचं नाव नवऱ्याच्या जागी सातबाऱ्यावर चढलं, ती उतारा घेऊन जाते तेव्हा दिवस चांगला जातो. असे दिवस आहेत. नाहीत असं नाही.

पण ह्या कामाला वेळच उरत नाही. माझ्याकडं एक साजा आणि शेजारच्या साज्याचा अतिरिक्त कार्यभार, तिथली जागा रिकामी आहे, "भरती झाली की देऊ माणूस" असं सांगतात. त्यात ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद, जी २०२१ च्या १५ ऑगस्टला राज्यभर सुरू झाली आणि जी शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर करायची आहे असं कागदावर आहे, पण शिवारात रेंज नाही आणि बऱ्याच जणांकडं बटणाचा फोन, त्यामुळं टक्का कमी पडला की विचारणा मलाच. मग फार्मर आयडी. मग निवडणूक, मतदार याद्या, केंद्राची पाहणी, केंद्रात पंखा आहे का, रॅम्प आहे का, त्याचे फोटो. जमीन महसूल वसुलीचं टार्गेट मार्चला. चोरटी वाळू पकडायचं पथक, त्यात रात्री जायचं, हातात फक्त एक पावती पुस्तक आणि समोर बिननंबरचा हायवा ट्रक, बायकांना सूट आहे म्हणतात पण पथकाच्या यादीत नाव असतंच, मग नवरा बरोबर येतो, त्याची तर सरकारी नोकरीपण नाही बिचाऱ्याची.

२०२४ चा जुलै कुणी विसरणार नाही आमच्यातलं. लाडकी बहीण जाहीर झाली आणि सुरुवातीला उत्पन्नाचा दाखला लागणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला आले तर ऑफिस दिसेना, नुसत्या बायका. कडेवर लेकरं, हातात पिशवीत कागदं, कुणी शेतावरची रोजंदारी बुडवून आलेली. ऑफिस म्हणजे काय तर ग्रामपंचायतीची एक खोली, एक टेबल, एक पंखा. गर्दीच्या रेट्यात दाराची कडी निघून आली, ती अजून तशीच लोंबतीये. पिवळं-केशरी रेशनकार्ड असलं तर दाखला लागत नाही असं नंतर ठरलं, पण ते ठरेपर्यंतचे दिवस आमचे आम्हालाच माहिती. त्या गर्दीतसुद्धा मला राग आला नाही, खरंच, त्या बायकांना दीड हजार रुपये म्हणजे काय हे मला कळत होतं. राग कधी आला सांगू? संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडला, "आज किती दाखले दिले, किती प्रलंबित, प्रलंबित असण्याचे कारण, दर दोन तासांनी." दर दोन तासांनी. म्हणजे दाखले लिहायचे का दाखल्यांचा हिशोब लिहायचा?

हेच ते. माझं दुखणं इथंच आहे. काम करायला लागतं त्याच्या दुप्पट वेळ काम केलं हे दाखवायला जातो.

मोबाईलमध्ये ऑफिसचे किती ग्रुप आहेत ते मोजायचं मी सोडून दिलंय. तहसीलचा एक, सर्कलचा एक, पीक पाहणीचा वेगळा, निवडणुकीचा वेगळा, एका योजनेचा एक ज्याची योजना संपली पण ग्रुप चालूच आहे. एकच माहिती, समजा गावातली खातेदार संख्या, ती सकाळी एका ग्रुपवर एक्सेलमध्ये मागतात, दुपारी दुसऱ्या ग्रुपवर गुगल शीटमध्ये, संध्याकाळी तिसरा साहेब म्हणतो वर्डमध्ये सहीचा फोटो पाठवा. तिन्ही शाखा एकाच इमारतीत आहेत, टेबलं एकमेकाला चिकटून. आणि सगळ्यांत भारी म्हणजे निरंक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निरंक म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. माझ्या साज्यात वीज पडून कुणी मेलं नाही, तर तसा अहवाल द्यायचा: निरंक. मला वाटायचं काही झालं नाही तर गप्प बसायचं. तसं नसतं. "निरंक असल्यास निरंक असा अहवाल तात्काळ सादर करावा, अन्यथा आपणास काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरून कार्यवाही प्रस्तावित करण्यात येईल." हे वाक्य मला पाठ आहे, झोपेत पण म्हणेन. काहीच घडलं नाही हे कळवलं नाही म्हणून आमच्यातल्या एकाला कारणे दाखवा नोटीस निघालीये, खोटं वाटेल पण निघालीये, आणि त्यानं खुलासा दिला चोवीस तासांत. खुलाशात काय लिहिणार? "सदर दिवशी काहीही घडले नाही."

हसू येतं सांगताना. पण रात्री साडेदहाला पोराचा अभ्यास घेताना "माहिती अप्राप्त" म्हणून लाल रंगातली यादी पडते आणि त्यात आपल्या साज्याचं नाव असतं तेव्हा नाही येत.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. आमच्या मंडळात अतिवृष्टी लागोपाठ लागली, म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर, आणि नदीकाठची गावं तर सांगायलाच नको. पंचनाम्याला मी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक, तिघं. रस्ता नव्हता म्हणून ट्रॅक्टरवर उभं राहून गेलो, पुढं ट्रॅक्टर पण जाईना म्हणून चालत. चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. एका बांधावर साठीपुढचे एक काका उभे होते. काही बोलले नाहीत, वाकून सोयाबीनचं एक झाड उपटलं आणि माझ्या हातात दिलं. शेंगेलाच कोंब फुटले होते, हिरवे, बोटभर. वास कुजका. म्हणाले, "म्याडम, ह्याच्यात किती टक्के लिवता?"

कारण टक्के लागतात. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर मदत. जिरायतीला तेव्हा हेक्टरी ८,५०० रुपये. शंभर टक्के गेलंय हे आंधळ्यालाही दिसत होतं, मी तसंच लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या, एकानं अंगठा दिला, स्टॅम्प पॅड ओलं झालेलं म्हणून अंगठा नुसता निळा डाग उमटला. मग फोटो काढायचा, त्यावर अक्षांश-रेखांश आले पाहिजेत, शेतकरी दिसला पाहिजे, पीक दिसलं पाहिजे, आणि रेंज नाही. काका माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले फोटोला. मी म्हटलं काका हात खाली करा ओ, असं नका उभं राहू. तर ते म्हणाले, मग कसं उभं राहू? मला उत्तर सुचलं नाही. फोन वर धरून लोकेशन घ्यायला लागले आणि तेवढ्यात, रेंजचा एक दांडा आला असेल, त्या एका दांड्यावर व्हॉट्सॲप वाजलं: "व्हीसी दुपारी ३ वाजता, सर्वांनी जॉइन व्हावे, पंचनाम्याची टक्केवारी अद्ययावत ठेवावी." मी पंचनामाच करत होते हो. व्हीसीत, म्हणजे साहेबांच्या व्हिडिओ बैठकीत, विचारणार काय तर पंचनामे का मागं पडले.

तिथं बांधावरच मला पहिल्यांदा वाटलं की आता बास. रडू वगैरे नाही आलं. सगळं लांबून दिसायला लागलं एकदम, ते काका, ते झाड, माझा चिखलातला पाय, आणि मला त्या कशाचंच काही वाटेना. माणसाला वाईट वाटायचं बंद होतं ना, ते रडण्यापेक्षा वाईट असतं.

पुढं याद्या. हा तर वेगळाच अध्याय. शेत बापाच्या नावावर, बाप दहा वर्षांपूर्वी वारला, वारस लावलेले नाहीत कारण भावाभावात वाद. सामाईक खातं असलं तर एकाच्या नावानं पैसे आणि बाकीच्यांचं संमतीपत्र, आणि बाकीच्यातली एक बहीण सुरतला, एक भाऊ भिवंडीला. आधार एका नावानं, सातबारा दुसऱ्या नावानं, बँकेत तिसऱ्याच. एवढं सगळं निस्तरून यादी वर गेली की माझ्या हातातून विषय गेला, पुढं मंजुरी, पोर्टल, बँक, ह्यातलं एकही बटण माझ्याकडं नाही. पण गावात सरकार म्हणून दिसणारी मी एकटीच. शेजाऱ्याचे पैसे पडले आणि ह्याचे नाही पडले तर तो पोर्टलला शिव्या देणार आहे का? माझ्याकडंच येणार. एकजण चावडीत सगळ्यांसमोर म्हणाला, "हिनंच खाल्ले असतील." मी कागद दाखवले, तारखा दाखवल्या, तो ऐकून घ्यायलाच तयार नाही. वरच्यांना तो दिसत नाही आणि त्याला वरचे दिसत नाहीत, मधे मी.

आणि तो तसं म्हणतो त्यालाही कारण आहे, ते लिहिलं नाही तर हा ब्लॉग लबाडीचा होईल. लाचलुचपतवाल्यांच्या सापळ्यांच्या आकड्यात आमचं महसूल खातं वर्षानुवर्षं वरच्याच नंबरात असतं. नोंद लावायला पैसे, उताऱ्याला पैसे, वारसाला पैसे, हे लोकांनी भोगलेलं आहे आणि त्यांचा तक्रारीचा १०६४ नंबर चावडीच्या भिंतीवर रंगवलेला आहे तो उगाच नाही. काही ठिकाणी तर "झिरो तलाठी" असतात, म्हणजे तलाठ्यानं स्वतःच्या खिशातून ठेवलेला खासगी पोरगा, लॉगिन त्याच्या हातात आणि गाव त्याच्याच तालावर. त्याचा पगार कुठून निघतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी ठेवलेला नाही. पण दोन साजे आणि एवढे ग्रुप सांभाळायला दुसरा माणूस लागतोच, हेही तितकंच खरं, आणि सरकार तो देत नाही. पैसे न घेणाऱ्याला दुप्पट कुटायला लागतं, काम पण स्वतः करायचं आणि संशय पण स्वतःच झेलायचा. घेणारे माझ्यापेक्षा निवांत दिसतात, त्यांची झोप चांगली आहे. हे लिहिताना मला स्वतःचीच भीती वाटते जरा.

झोपेवरून आठवलं. मला पहाटे साडेतीनला जाग यायला लागली, छातीत धडधड, आणि पहिला हात मोबाईलकडं. आधी वाटलं बीपी. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांना दाखवलं, ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मग त्यांनी हळूच विचारलं, नोकरी काय करता? सांगितल्यावर म्हणाले, तुमच्या खात्यातले बरेच येतात माझ्याकडं. त्यांनी बर्नआउट हा शब्द वापरला. मला आधी तो आयटीवाल्यांचा आजार वाटायचा, एसीत बसून होणारा. घरी येऊन वाचलं तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तो आपल्या यादीत घेतलाय, आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी सतत ताण राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही तर होणारी अवस्था म्हणून. तीन गोष्टी सांगितल्यात: शक्ती संपणं, कामाबद्दल मनात दुरावा नाहीतर कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. मधली वाचून मी थांबले. बांधावर मला जे झालं होतं ते हेच.

डॉक्टर म्हणाले रजा घ्या. खात्यावर अर्जित रजा ढीगभर आहे, न घेतल्यामुळंच साठलीये. पण रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं? पोटदुखी चालते, सासऱ्याचं ऑपरेशन चालतं, गुडघा चालतो. "मन थकले आहे" असं लिहिलं तर तालुकाभर होईल आणि पुढच्या बैठकीत साहेब सगळ्यांसमोर विचारतील, काय म्याडम, आता मन कसंय? मनाच्या त्रासासाठी टेलिमानस म्हणून १४४१६ नंबर आहे सरकारचाच, फुकट, मराठीत बोलतात. मी दोनदा लावला. पलीकडची मुलगी चांगली बोलली, ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. शेवटी तिनं विचारलं की दिवसातून थोडा वेळ मोबाईल बंद ठेवता येईल का. मला हसूच आलं, पण तिला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं.

तसं येतं ठेवता, हे मला माहितीये, कारण मी ते पाहिलंय. मागं आमच्याकडं एक तहसीलदार होते. आल्यावर पहिल्या बैठकीत त्यांनी सगळे ग्रुप बंद करून एकच ठेवला. रात्री आठनंतर आपत्ती सोडून काही टाकायचं नाही, टाकलं तर टाकणाऱ्याला नोटीस. माहिती एकदाच एका शीटमध्ये भरायची, कुठल्याही शाखेला लागली तर तिनं तिथून उचलायची, तलाठ्याला विचारायचं नाही. निरंक अहवाल बंद, काही असेल तरच कळवा. पंचनाम्याच्या दिवसांत त्यांनी वरच्या व्हीसीला एकटं बसून सगळ्यांच्या वतीनं उत्तरं दिली, आमच्यातल्या कुणाला शेतातून बोलवलं नाही. आणि आमचा तालुका त्या वर्षी फेरफार निकाली काढण्यात जिल्ह्यात मागं नव्हता, पहिल्या दोनात होता. म्हणजे काम अडलं नाही, उलट झालं. खर्च शून्य आला, जीआर लागला नाही, नवीन ॲप लागलं नाही. ह्याच्यामुळंच मला जास्त चीड येते, की हे जमण्यासारखं आहे.

त्यांची बदली झाली. नवीन साहेबांनी आठवड्यात सगळे ग्रुप परत चालू केले, त्यात एक जास्तीचा, "समन्वय" नावाचा.

तर मी अर्ज दिलाय, अर्जित रजेचा. कारणाच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी "वैयक्तिक" लिहिलं. साहेब म्हणाले निवडणुकीचं एवढं उरकू द्या, मग बघू. म्हटलं सर, एक निवडणूक झाली की दुसरी लागतीये. ते म्हणाले, ते पण आहेच. अर्ज परत घेतलेला नाही, आवक नंबर टाकून पोच घेतलीये, आपल्याच खात्यात राहून एवढं तर शिकलेय. कुणाला डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर मनाच्या कारणासाठी रजा मिळाली असेल तर कशी मिळवली ते सांगा, आमच्या ग्रुपवर विचारायची सोय नाही.